बांधकाम चालू असतानाचे जुने फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूल, धरणं, बोगदे, उंच इमारती यांचं काम चालू असताना काढलेले जुने फोटो मी गेली बरीच वर्षं जमवतेय. मी स्वतः सिव्हिलवाली, साइटवर वाढलेली, त्यामुळे हे वेड लागलं असावं. ओळखीचे लोक, कॉलेजची मुलं, कधी कधी अगदी अनोळखी माणसंही फोन करून साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय.

पूर्ण झालेला पूल सुंदर दिसतो, मग अर्धवट पुलाचा फोटो कशाला बघायचा?

कारण पूर्ण झालेला पूल तुम्हाला आजही बघता येतो, अर्धवट पूल आता फक्त फोटोतच उरलाय. स्कॉटलंडमधला फोर्थ ब्रिज घ्या. १८८२ ते १८९० या काळात बांधला, डिझाइन जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर यांचं, काम विल्यम ॲरोलच्या कंपनीचं. आज बघितला तर एक अखंड लालसर लोखंडी जाळी दिसते आणि नेमकं कोण कोणाला धरून उभं आहे हे पटकन कळत नाही. पण कामावरचाच एक इंजिनिअर एव्हलिन केअरी याने काढलेले १८८८ च्या आसपासचे फोटो बघा. पाण्यात तीन मनोरे उभे आहेत आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी हात फुटलेत, डावीकडे जेवढा उजवीकडे तेवढाच, तराजूसारखे, आणि दोन मनोऱ्यांचे हात अजून एकमेकांना लागलेले नाहीत, मधे मोकळं आभाळ. कँटिलिव्हर (एका टोकाला पक्का धरलेला आणि दुसरं टोक मोकळं असलेला हात) म्हणजे काय हे मला वर्गात चार लेक्चरमध्ये कळलं नव्हतं ते या एका फोटोत कळलं.

दगडी कमानीचं तर अजूनच जास्त. कमानीचा शेवटचा, मधला दगड बसेपर्यंत ती स्वतःच्या पायावर उभी राहूच शकत नाही, सगळं वजन खालच्या लाकडी साच्यावर असतं. तो साचा बनवणं हे सुताराचं केवढं मोठं काम, पण कमान झाली की साचा काढतात, लाकूड दुसरीकडे वापरतात किंवा जाळतात, मागमूस राहत नाही. परांची, कामापुरते टाकलेले रूळ, चुन्याची घाणी, पाणी उपसायचे पंप, मजुरांच्या झोपड्या, हे सगळं काम संपलं की गायब. नकाशातही बहुतेक वेळा नसतं. ते फक्त फोटोत असतं.

असे फोटो काढायची सुरुवात कशी झाली? हौस होती का?

हौस थोडी, गरज जास्त. पैसे घालणारा माणूस कामापासून लांब बसलेला असायचा. किएव्हला नीपर नदीवर इंग्लिश इंजिनिअर चार्ल्स व्हिन्योल्स पूल बांधत होता तेव्हा त्याने काम दाखवायला फोटोग्राफर नेले, त्यातला रॉजर फेंटन १८५२ मध्ये तिथे गेला होता. त्याच सुमारास लंडनचा क्रिस्टल पॅलेस, म्हणजे लोखंड आणि काचेची ती प्रचंड इमारत, हाइड पार्कमधून उचलून सिडनहॅमला परत उभा करायचं काम चालू होतं आणि फिलिप हेन्री डेलामोट याने ते सगळं काम टप्प्याटप्प्याने टिपलं, नुसते सांगाडे, काचा नसलेली कमानदार छतं, खाली कामगार. आज आपण साइटवरून दर महिन्याला प्रोग्रेस रिपोर्टला फोटो जोडतो ना, त्याचं मूळ हे असं इतकं जुनं आहे.

आयफेल टॉवरच्या फोटोंची मालिका बघितली असेल तुम्ही, आधी चार पाय, मग पहिला मजला, मग वर वर निमुळता होत जाणारा. जानेवारी १८८७ ला काम सुरू आणि मार्च १८८९ ला पूर्ण, आणि लुई-एमिल द्यूरांदेल याने ते टप्पे असे पकडले की एकापाठोपाठ एक ठेवले तर टॉवर डोळ्यांसमोर वाढतो.

आणि एक कारण असं की ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, भांडणं. कंत्राटदार म्हणतो एवढी खोदाई झाली, इंजिनिअर म्हणतो नाही झाली, तेव्हा फोटो साक्षीला येतो. साइटवर काम केलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

आपल्या महाराष्ट्रातल्या कामांचे असे जुने फोटो आहेत का?

आहेत, आणि हा माझा सगळ्यात आवडता विषय असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

बोरघाट. मुंबईहून पुण्याला जाताना कर्जत सोडलं की गाडीला मागून इंजिनं लागतात आणि आपण बटाटेवडा घेऊन खिडकीत बसतो, तोच घाट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा चीफ इंजिनिअर जेम्स बर्कले याने आखणी केली, १८५६ च्या सुरुवातीला काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी घाटातून वर गेली. साधारण २५ किलोमीटरमध्ये १,८३१ फूट चढ, सगळ्यात कठीण जागी ३७ फुटाला १ फूट, २५ बोगदे, ८ मोठे कमानींचे पूल, आणि मधे एक रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे गाडी एका टोकाला जाऊन थांबायची आणि इंजिन उलट्या बाजूला लावून पुढची चढण चढायची. मधल्या काळात खाली खोपोलीपर्यंत आणि वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रेल्वे सुरू झालेली होती, पण मधला घाट लोक पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीने चढायचे.

पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या पैशांवरून घाटात मोठी दंगल झाली, मार्चमध्ये त्याने काम सोडलं. मग कंत्राट सॉलोमन ट्रेडवेलला मिळालं, तो त्याच वर्षी बायकोला, ॲलिसला घेऊन इकडे आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. आता त्या काळातली बाई, परक्या देशात, नवरा गेलेला, हातात एवढं प्रचंड अर्धवट काम. ती परत गेली नाही. ॲडमसन आणि क्लाउझर या दोन इंजिनिअरांना बरोबर घेऊन ॲलिस ट्रेडवेलने ते कंत्राट पुरं केलं, आणि घाटाचं काम चालू असतानाचे फोटोही तिने काढले. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. साइटवर बाई इंजिनिअर म्हणून मला जे ऐकावं लागलं ते आठवून.

त्या फोटोंत सह्याद्रीचा तो काळा कातळ आहे, मागे डोंगराच्या उभ्या कडा, अर्धवट उठलेले दगडी खांब, आणि एवढ्या पसाऱ्यात माणसं मुंगीएवढी. १८६१ च्या सुरुवातीला या कामावर ४२ हजार माणसं होती. हा आकडा परत एकदा वाचा. तेव्हा ना जेसीबी ना क्रेन, पहार, हातोडा, सुरुंगाची दारू आणि डोक्यावरची पाटी.

तेव्हा फोटो काढणं म्हणजे नक्की काय काय करावं लागायचं?

आपण खिशातून मोबाइल काढतो तसं अजिबात नव्हतं. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने वेट कोलोडियनची पद्धत आणली, बोरघाटाच्या कामाच्या वेळी तीच चालायची. काचेची प्लेट स्वच्छ पुसायची, तिच्यावर कोलोडियन म्हणजे ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं एक चिकट द्रावण समान ओतायचं, मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो काढायचा आणि लगेच धावत जाऊन अंधारात डेव्हलप करायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत, कारण प्लेट वाळली की गेली.

म्हणजे डार्करूम बरोबर न्यायची. तंबू, बाटल्या, काचा, पाणी, आणि एवढा मोठा लाकडी कॅमेरा. एप्रिल-मे महिन्यात खंडाळ्याच्या उतारावर हे करून बघायची कल्पना करा, ईथर डोळ्यांदेखत उडून जाणार, सुरुंगाची धूळ ओल्या प्लेटवर बसणार, सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी पडणार ती कित्येक दिवस निघणार नाहीत. पावसाळ्यात तर घाटात धुकं आणि मुसळधार, तेव्हा कॅमेरा उघडायचंच नाव नको. १८७० नंतर कोरड्या जिलेटिनच्या प्लेटा आल्या आणि मग दुकानातून तयार प्लेट घेऊन जायची, निवांत घरी येऊन डेव्हलप करायची अशी सोय झाली. फोर्थ ब्रिजच्या काळापर्यंत ही सोय आलेली होती, म्हणून तिथे इतके वेगवेगळे कोन सापडतात.

आपल्याकडे फोटोग्राफी शिकलेले लोक होते का तेव्हा, की सगळे इंग्रजच?

होते ना. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ ला फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, आणि भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीतले नावाजलेले फोटोग्राफर. पुढे लाला दीनदयाळ, ज्यांचे राजेरजवाड्यांचे फोटो सगळ्यांना माहीत असतात, ते मुळात रुडकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले आणि १८६६ पासून इंदूरला पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या इमारतींच्या फोटोंत रेषा इतक्या सरळ का येतात याचं उत्तर मला वाटतं ड्रॉइंग बोर्डावर आहे.

जुन्या फोटोंत काही माणसं भुतासारखी पुसट का दिसतात? आणि आभाळ एकदम कोरं पांढरं?

शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागायचं. त्या वेळात जो हलला तो पुसट, जो चालत गेला तो कधी कधी पूर्ण गायब. म्हणून बऱ्याच फोटोंत काम थांबवून सगळ्यांना उभं केलेलं असतं, टिकाव हवेत धरून माणूस थिजलेला दिसतो ना, तो खरंच तसा थांबलेला असतो. माझ्याकडे एका अनोळखी साइटचा जुना प्रिंट आहे, दगडी भिंतीचं काम, कुठलं ते कळत नाही. स्कॅन करून मोठा केला तर कोपऱ्यात एक बाई डोक्यावर पाटी घेऊन उभी आहे, चेहरा स्पष्ट, लुगड्याचा काष्टा स्पष्ट, आणि तिच्या पायाशी एक धुरकट ठिपका. बराच वेळ मला तो डाग वाटला. मग दिसलं की त्याला दोन हात आहेत. ते तिचं मूल आहे, आई सांगितल्यासारखी स्तब्ध उभी राहिली आणि पोर काही राहिलं नाही.

आभाळाचं कारण वेगळं. त्या प्लेटांना फक्त निळा प्रकाश भारी लागायचा, लाल जवळपास लागायचाच नाही. त्यामुळे निळं आभाळ भसकन जळून पांढरं, आणि तांबडी माती, हिरवी झाडी, उन्हात रापलेली कातडी सगळी जास्तच काळी. म्हणून अशा फोटोवरून माती काळी होती, माणूस एवढा काळा होता असं काही ठरवू नका.

हे मजूर कोण होते? फोटोखाली त्यांची नावं का नसतात?

हा प्रश्न विचारणाऱ्याचे मी मनापासून आभार मानते, कारण फार कमी लोक विचारतात.

फोटोखाली ओळी लिहायचा तो साहेब. तो पुलाचं नाव लिहायचा, अंतर लिहायचा, तारीख लिहायचा, साहेब लोक फोटोत असतील तर त्यांची नावं. बाकी सगळे "कामगार" किंवा "नेटिव्ह". आपल्याकडच्या घाटातल्या आणि धरणांच्या कामावर वडार, बेलदार, पाथरवट, गवंडी, लोहार, सुतार, भिश्ती, गावचे दुष्काळाने निघालेले शेतकरी, अशी कुटुंबंच्या कुटुंबं असायची, पुरुष दगड फोडणार, बाई पाटी उचलणार, पोरं पाणी देणार. बोरघाटात कॉलरा आला तेव्हा पायथ्याच्या झोपड्यांमधून माणसं पटापट गेली. त्याचा फोटो नाही.

फोर्थ ब्रिजवर आधी मृतांचा आकडा ५७ धरला जायचा. खूप वर्षांनी स्थानिक अभ्यासकांनी जुने कागद एकेक करून तपासले आणि तो ७३ वर गेला. पुलाचं टनटन पोलाद आणि ते जोडणारे ६५ लाख रिव्हेट (ठोकून बसवायचे जाड खिळे) मात्र पहिल्यापासून नीट मोजलेले होते. पनामा कालव्याच्या अमेरिकन काळात, १९०४ ते १९१४, नोंदीत ५,६०९ मृत्यू आहेत, त्यातले बहुसंख्य बार्बाडोस वगैरे वेस्ट इंडीजच्या बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय मजूर. त्यांना पगारही वेगळ्या यादीवर, गोऱ्या अमेरिकनांना सोन्याच्या नाण्यात आणि यांना चांदीच्या. तिथला सरकारी फोटोग्राफर अर्नेस्ट हॅलन १९०७ पासून तीस वर्षं फोटो काढत होता, हजारोंनी. कुलेब्रा कटमध्ये, म्हणजे डोंगर कापून कालवा नेला त्या भागात, दरड परत परत घसरून आलेली, वाकडे झालेले रूळ, वाफेवर चालणारी खोदाईची यंत्रं अर्धी गाडली गेलेली, हे त्याच्या फोटोंत आहे. मजूर आहेत, पण तेही बहुतेक लांबून.

नागार्जुनसागरचे फोटो मिळाले तर जरूर बघा. १९५५ ते १९६७, दगडी धरण, यंत्रं कमी आणि माणसं प्रचंड, धरणाच्या अंगावर उभ्या केलेल्या परांचीवरून माणसांच्या रांगा वर चढतायत, प्रत्येकाच्या डोक्यावर काही ना काही.

गर्डरवर बसून डबा खाणारे ते ११ कामगार, तो फोटो एम्पायर स्टेट बिल्डिंगचा आहे ना? आणि तो खरा आहे का?

एम्पायर स्टेटचा नाही. तो न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधला, तेव्हाच्या आरसीए बिल्डिंगच्या ६९ व्या मजल्यावरचा, २० सप्टेंबर १९३२ चा. माणसं खरी, उंची खरी, कामगारही तिथलेच. पण फोटो ठरवून काढलेला, इमारतीच्या जाहिरातीसाठी त्या दिवशी अनेक फोटोग्राफर वर बोलावले होते, त्यामुळे नेमका कोणी काढला हे आजही नक्की सांगता येत नाही. मूळ निगेटिव्ह काचेची आहे आणि ती आता फुटलेली आहे.

एम्पायर स्टेटचे फोटो लुइस हाइनचे, १९३०-३१. हा माणूस आधी गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या लहान मुलांचे फोटो काढून गाजलेला, आणि पंचावन्नाच्या पुढच्या वयात खास बनवलेल्या पाळण्यात बसून इमारतीच्या बाहेर लटकून रिव्हेट मारणाऱ्यांचे फोटो काढत होता. त्याच्या फोटोंत कामगाराचा चेहरा फ्रेमच्या मधोमध असतो आणि शहर मागे, ही त्याची निवड आहे. मला विचाराल तर गर्डरवरच्या डब्यापेक्षा हाइनचे फोटो शंभर पटीने मोठे.

हूवर डॅमच्या काँक्रीटमध्ये मजूर गाडले गेले असं म्हणतात, फोटोत काही दिसतं का?

नाही गाडले गेले, आणि फोटोच ते सांगतात. हे धरण १९३१ ते १९३५ मध्ये झालं, सरकारी फोटोग्राफर बेन ग्लाहा. त्याचे फोटो बघितले तर धरण म्हणजे एक सलग भिंत नाही, लहान मुलांचे ठोकळे कमी-जास्त उंचीचे रचावेत तसे वेगवेगळे चौकोनी खांब वर वर येताना दिसतात. का, तर काँक्रीट घट्ट होताना प्रचंड तापतं, सगळं एकदम ओतलं असतं तर थंड व्हायला सव्वाशे वर्षं लागली असती असा अंदाज होता. म्हणून एका वेळी एका ठोकळ्यात फक्त पाच फूट, आत नळ्या टाकून गार पाणी फिरवायचं. एक बादली ओतली की ठोकळ्यातली पातळी जेमतेम काही इंच वाढायची. एवढ्यात माणूस बुडत नाही. एकदा मात्र साचा कोसळून एक कामगार खरंच काँक्रीटखाली गेला होता, त्याचा मृतदेह सोळा तासांनी बाहेर काढला. कामावरचे अधिकृत मृत्यू ९६. ते दरडी, पडणं, यंत्रं, स्फोट यांनी झाले. गाडलेल्या माणसांची गोष्ट रंगवून सांगताना हे ९६ जण बाजूला पडतात, म्हणून मला ती गोष्ट आवडत नाही.

आपल्याकडेही पुलाच्या पायात नरबळी दिला वगैरे कहाण्या प्रत्येक मोठ्या कामाबद्दल ऐकू येतात. अपघात झालेला असतो, नाव कोणी लिहून ठेवलेलं नसतं, मग गोष्ट तयार होते.

या फोटोंचा आज इंजिनिअरिंगला काही उपयोग आहे की फक्त आठवण?

उपयोग आहे. २८ डिसेंबर १८७९ ला स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल वादळात गाडीसकट कोसळला. चौकशीसाठी डंडीच्या एका स्टुडिओकडून पडलेल्या भागाचे, तुटलेल्या ओतीव लोखंडी खांबांचे फोटो काढून घेतले होते. त्या प्लेटा इतक्या बारीक तपशिलाच्या आहेत की सव्वाशे वर्षांनी त्या स्कॅन करून कुठला जोड कसा तुटला यावर नव्याने अभ्यास झाला. आणि फोर्थ ब्रिज एवढा दणकट का आहे ते याच अपघातामुळे, लोकांचा विश्वास परत मिळवायचा होता. पुलाचा भार कसा तोलला जातो ते लोकांना दाखवायला बेकरने तर १८८७ ला जिवंत माणसांना घेऊन फोटो काढला, दोन माणसं खुर्च्यांवर हात पसरून, बाहेरच्या टोकांना विटांची वजनं आणि मधे फळीवर लटकलेला जपानी इंजिनिअर काइची वातानाबे. तो फोटो मी साइटवर ट्रेनी मुलांना अजूनही दाखवते.

फोटो कधीचा आहे हे कसं ओळखायचं?

पाठीमागे बघा आधी. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलचा आकडा, काहीतरी असतंच. मग फोटोत बघा की काम कुठपर्यंत आलंय आणि तारखा माहीत असलेल्या दुसऱ्या फोटोंशी ताडून बघा.

कोयनेचं उदाहरण देते कारण ते मला घरातून माहीत आहे, आमचे आजोबा तिथे मुकादम होते. कोयनेचं धरण १९६४ ला झालं. काम चालू असतानाच उंची वाढवायचं ठरलं, त्यामुळे भिंतीच्या मागच्या अंगाला वरच्या भागात उतार एकदम बदलतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा तडे नेमके त्या उतार बदलण्याच्या पातळीच्या आसपास गेले. नंतर सांडवा सोडून बाकीच्या भिंतीला मागून काँक्रीटचे जाड आधार दिले. म्हणजे फोटोत आधार नसलेली सडसडीत भिंत दिसली तर तो भूकंपाच्या आधीचा, आधार दिसले तर नंतरचा. अशी एखादी खूण प्रत्येक कामात सापडते.

रंगीत फोटो म्हणून फिरतात ते खरे असतात का?

बहुतेक नंतर कॉम्प्युटरवर रंगवलेले, आणि हल्ली तर अख्खे फोटोच एआयने बनवलेले. बोटं मोजा, परांचीचे बांबू कुठून निघून कुठे जातात ते बोटाने पुढे पुढे बघत जा, शिडी हवेत संपते का बघा, आणि मूळ फोटो कुठल्या संग्रहात आहे ते विचारा, उत्तर आलं नाही तर पुढे पाठवू नका. पण खरे रंगीत फोटोही आहेत. रशियात प्रोकुदिन-गोर्स्की याने १९१२ मध्ये ओका नदीवर बेलोओमुत इथे काँक्रीट टाकतानाचा फोटो रंगीत काढला. निळा, हिरवा, लाल असे तीन फिल्टर लावून एकापाठोपाठ तीन वेळा फोटो घ्यायचा आणि नंतर एकत्र करायचा. मधल्या क्षणात जे काही हललं, पाणी म्हणा किंवा माणूस, त्याच्या कडेला तीन रंगांच्या झाक्या येतात. अस्सल असल्याची खूण तीच.

आमच्या घरी आजोबांचा साइटवरचा फोटो आहे, काय करू?

लॅमिनेशन करू नका. हे मी कळकळीने सांगतेय. आमच्याकडे आजोबांचा कोयनेचा ग्रुप फोटो होता, मी कॉलेजात असताना चांगला राहावा म्हणून एका दुकानात लॅमिनेट करून आणला. गरम रोलरमधून जाताना त्याचा वरचा थर बुडबुड्यासारखा उठला आणि मागच्या रांगेतल्या तिघांचे चेहरे गेले. ते तिघे कोण होते हे सांगणारं आता कोणी नाही.

तर आधी स्कॅन करा, किमान ६०० डीपीआय, टिफ फाइल ठेवा, पाठची बाजूही स्कॅन करा. सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको, डांबराच्या गोळ्या नकोत. पाठीमागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. पावसाळ्यात बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका. काचेच्या निगेटिव्ह सापडल्या तर एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, मधे कागद. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर आज संध्याकाळीच फोटो पुढ्यात ठेवून बसा, हा कोण, तो कोण, कुठल्या गावचा, सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या.

असे फोटो मी वापरू शकतो का, कॉपीराइट?

अमेरिकन सरकारी फोटोग्राफरांचे, म्हणजे ग्लाहाचे किंवा हॅलनचे, मोकळे असतात. आपल्याकडे सरकारी फोटोला प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, खाजगी फोटोग्राफरच्या फोटोला २०१२ च्या बदलानंतर त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं असं साधारण धोरण आहे. पुस्तकात छापणार असाल तर वकिलाला विचाराच.

कुठे बघायला मिळतील?

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आपल्याकडच्या रेल्वेकामांचे अल्बम आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं बरंच काही घरबसल्या मोठ्या फाइलमध्ये उतरवता येतं, प्रोकुदिन-गोर्स्की तिथेच. फोर्थ ब्रिजचे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहांत. दिल्लीला रेल्वे म्युझियम आणि अल्काझी फाउंडेशन. आणि आपल्या जुन्या पाटबंधारे वसाहतींमधली कपाटं, तिथे काय काय पडलंय ते कोणी उघडून बघत नाही तोपर्यंत कळणार नाही, तुमच्यापैकी कोणाचे वडील-आजोबा त्या खात्यात असतील तर एकदा चौकशी करा.

मी अगदी नवीन आहे, पहिला फोटो कसा बघू?

कुठलाही एक घ्या, मोठी फाइल उतरवा, आणि मधला पूल किंवा धरण झाकून टाका. खरंच हाताने झाका. मग चारी कोपरे बघा. मी फोर्थ ब्रिजच्या एका फोटोत असंच केलं होतं तेव्हा पाण्यात एक छोटी होडी दिसली, वरून पडणाऱ्यांना उचलायला मनोऱ्यांखाली होड्या ठेवायचे, त्यांतली ती असावी. त्या होड्यांनी आठ जणांना जिवंत बाहेर काढलं होतं. होडीत एक माणूस बसलाय आणि बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना तो मान वर करून पुलाकडे बघतोय.